नळीची निगा : सातारा-सांगलीतील बंदूक, शिकलगार आणि हवेची रायफल

बंदूक कोणी चालवली, कोणत्या लढाईत चालवली आणि तिने कोणाचा पाडाव झाला, याच्या नोंदी इतिहासात विपुल आढळतात. ती चालवून झाल्यावर तिची नळी कोणी, कशाने आणि कोणती काळजी घेऊन स्वच्छ केली, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. वास्तविक नळी गंजली, तिच्यात काजळी साचली किंवा तिच्या तोंडाशी चरा पडला, की उत्तम कारागिराने घडवलेली बंदूकही निरुपयोगी ठरते, आणि भरलेली नळी रिकामी समजून स्वच्छ करायला घेतली तर ती चालवणाऱ्याच्याच जिवावर उठते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या भूमीत या निगेचा इतिहास सलगपणे पाहता येतो. १ ऑगस्ट १९४९ रोजी ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले. त्यापूर्वी सातारा जिल्हा आणि त्याला लागून असलेली सांगली, मिरज, औंध, फलटण, जत ही संस्थाने असा हा एकमेकांत गुंतलेला मुलूख होता. येथील गड, सरदारांचे वाडे, शस्त्रे घासणाऱ्या शिकलगारांची घरे, पलटणीत गेलेल्यांची गावे आणि आजची नेमबाजीची केंद्रे यांतून नळी स्वच्छ करण्याच्या रीती बदलत गेल्या. यांतील प्रत्येक रीत त्या त्या काळच्या दारूच्या आणि हवामानाच्या गरजेतून निर्माण झाली. गरज सरली तरी रीत मात्र सवयीने टिकून राहिली, आणि दारूच न वापरणाऱ्या हवेच्या रायफलीला ती जशीच्या तशी लावली जाऊ लागली, तेव्हा तीच रीत अपायकारक ठरली.

हवामानापासून आरंभ करणे योग्य ठरेल, कारण लोखंडाचा पहिला वैरी ओलावा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. प्रतापगड, वासोटा, जावळी, पाटण आणि शिराळ्याचा पश्चिम भाग चार महिने धुक्यात व ओलीत बुडालेला असतो. याउलट माण, आटपाडी आणि जत हे तालुके पर्जन्यछायेत येतात व तेथे सहाशे मिलिमीटर पाऊसही दुर्मीळ ठरतो. एकाच छत्रपतींच्या चाकरीतील दोन बंदुका, एक जावळीच्या खोऱ्यात आणि दुसरी जतच्या माळावर ठेवली, तर त्यांच्या निगेचे प्रश्न अगदी वेगळे असत. घाटमाथ्यावरचा प्रश्न मराठी राज्यकर्त्यांना नेमका ठाऊक होता, याचा पुरावा रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त मिळतो. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध झालेल्या या राजनीतिपर ग्रंथातील दुर्गप्रकरणात पावसाळ्यापूर्वी तोफांना तेल-मेण द्यावे, तोफांचे काने मेणाने भरावेत आणि तोफा पावसापासून झाकून ठेवाव्यात, अशी आज्ञा आहे. ‘काना’ म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला असलेले बारीक छिद्र, ज्यातून बत्तीची आग आतल्या दारूपर्यंत पोहोचते. हे छिद्र उघडे राहिले तर पाणी थेट नळीच्या तळाशी उतरते, आणि तो तळ बाहेरून दिसत नसल्यामुळे तेथला गंज पुढच्या मोहिमेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. दारूखाना वस्तीपासून दूर असावा आणि दारू, बाण इत्यादी सामान ठरावीक दिवसांनी बाहेर काढून त्याला ऊन द्यावे, असेही हाच ग्रंथ सांगतो. शस्त्राची निगा हा राज्याच्या नित्य कारभाराचा भाग असून त्याची जबाबदारी नेमून दिलेल्या माणसावर असली पाहिजे, ही जाणीव या आज्ञांमागे आहे. दुर्गांच्या बांधणीवर आणि लढायांवर जेवढे लिहिले जाते, त्याच्या दशांशानेही या आज्ञांचा अभ्यास झालेला नाही, ही खेदाची गोष्ट होय.

ओलावा एवढा घातक का ठरत असे, हे समजण्यासाठी जुन्या दारूचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते. काळी दारू ही सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण असून तिचे प्रचलित प्रमाण शंभर भागांत सुमारे ७५, १५ आणि १० असे होते. ही दारू जळते तेव्हा तिचा सगळा भाग वायुरूप होत नाही. वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग पोटॅशियमच्या क्षारांच्या रूपाने घन उरतो आणि काळ्या, चिकट थराने नळीच्या आतल्या भिंतीला लागतो. हे क्षार हवेतील पाणी शोषून घेतात, गंधकाची संयुगे त्यात भर घालतात, आणि पावसाळी हवेत एका रात्रीतही नळीच्या आत गंज धरू लागतो. शिवाय आठ-दहा बार उडाले की थर एवढा जाड होतो की पुढची गोळी नळीत उतरेनाशी होते. त्यामुळे काळ्या दारूच्या काळात नळी धुणे ऐच्छिक नव्हते; ज्या दिवशी बार काढला त्याच दिवशी ती धुवावी लागे.

या धुण्याचे साधन तेल नव्हे, तर पाणी होते. तोड्याच्या बंदुकीत, म्हणजे जळत्या सुती दोरीने कान्याजवळची बारीक दारू अर्थात ‘रंजक’ पेटवून उडवायच्या बंदुकीत, आणि पुढे आलेल्या चापाच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या बंदुकीत, नळी पुढच्या तोंडातूनच भरली जात असे. दारू, चिंधी आणि गोळी ज्या सळईने ठासत त्या गजानेच नळी साफही करत. कढत पाणी नळीत ओतायचे, गजाच्या टोकाला चिंधी गुंडाळून ती वरखाली करायची, काळे पाणी काढून टाकायचे आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचे, अशी तोंडाने भरायच्या बंदुकांची जगभर चाललेली पद्धत होती. पाणी कढत असण्याला दुहेरी कारण होते : एक तर क्षार लवकर विरघळत, आणि दुसरे म्हणजे तापलेले लोखंड स्वतःच्या उष्णतेने लगेच कोरडे होई. त्यानंतर तेलाचा हात फिरवला जाई. क्षार न धुता नुसते तेल लावले तर गंज तेलाखालीच वाढत राहतो.

सुरक्षिततेचा प्रश्नही याच गजाने सोडवला जात असे. तोंडाने भरायच्या बंदुकीत दारू आहे की नाही हे मागून उघडून पाहता येत नाही. म्हणून जाणता माणूस प्रथम गज नळीत सोडून पाही. गज तळाला आपटून धातूचा खणखणीत आवाज आला आणि त्याचे बाहेर राहिलेले टोक नेहमीच्या खुणेपर्यंत गेले, तर नळी रिकामी. आवाज बद्द आला आणि गज चार बोटे वर थांबला, तर आत बार आहे, असे समजले जाई. सह्याद्रीच्या पट्ट्यात पिकाच्या रक्षणासाठी परवान्यावर ठेवलेली ठासणीची बंदूक अलीकडच्या काळापर्यंत वापरात राहिली, आणि तिच्याबरोबर ही कसोटीही टिकली. नळी साफ करण्याच्या सगळ्या शास्त्रातला हाच पहिला नियम असून शस्त्र बदलले तरी तो कधीही बदललेला नाही.

तोफेच्या बाबतीत स्वच्छता आणि सुरक्षितता या दोन गोष्टी तर एकच होतात. बार उडाल्यावर नळीत कापडाचा किंवा दारूच्या पिशवीचा एखादा जळता तुकडा उरला आणि त्यावरच नवी दारू ढकलली, तर ठासणारा गोलंदाज जागीच उडतो. म्हणून दोन बारांच्या मध्ये ओला बोळा फिरवून निखारे विझवावे लागतात. या संदर्भात तासगावच्या परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेचे एक वर्णन पुन्हा तपासून पाहण्यासारखे आहे. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात १७९०-९१ मध्ये भाऊंनी धारवाडला वेढा घातला, तेव्हा त्यांच्या मदतीला कॅप्टन लिटल याची इंग्रज तुकडी होती. त्या तुकडीतील एडवर्ड मूर या अधिकाऱ्याने १७९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तात मराठी तोफखान्याची हेटाळणी केली आहे : तोफ भरली की गोलंदाज अर्धा तास गप्पा मारीत, धूम्रपान करीत बसतात, मग ती उडवतात, धुरळा उडाला की समाधान मानतात आणि पुन्हा तसेच बसतात, असे त्याने लिहिले. मूरच्या निरीक्षणात तथ्य असेल, आणि धारवाडचा वेढा लांबला हेही खरे आहे. तथापि ओतीव नळ्या जुन्या, त्यांचे काने झिजून रुंदावलेले आणि दारू कमअस्सल असेल, तर नळी निवू देणे हा आपला जीव वाचवण्याचा मार्गही असू शकतो, ही शक्यता मूरने विचारात घेतलेली नाही. परकीयांच्या वृत्तान्तांतून ‘आळस’ म्हणून नोंदल्या गेलेल्या अनेक गोष्टी कारागिराच्या व गोलंदाजाच्या नजरेतून पुन्हा वाचल्या गेल्या पाहिजेत.

दैनंदिन पुसणे-धुणे शिपाई स्वतः करीत असला, तरी चढलेला गंज उतरवणे, पाते वा नळी घासून पुन्हा झळाळी आणणे हे काम शिकलगाराचे होते. ‘शिकल’ म्हणजे शस्त्राला दिलेली चकाकी, आणि ती देणारा तो शिकलगार. सातारा, सांगली, मिरज, कराड या गावांत आजही शिकलगार आडनावाची अनेक कुटुंबे आहेत. तलवारी, भाले, कट्यारी आणि जंबिये यांना धार व पाणी देणे हे त्यांचे मुख्य काम असले, तरी सरदाराच्या शिलेखान्यात, म्हणजे शस्त्रागारात, बंदुकाही त्यांच्याच हाताखालून जात. कुरुंदासारख्या कठीण दगडाची पूड, घासण्याचे चाक, तेल आणि हाताचा अंदाज हे त्यांचे भांडवल होते. या अंदाजाला विशेष महत्त्व आहे, कारण गंज काढताना धातूच जास्त खरवडला गेला तर पाते पातळ होते आणि नळी कमकुवत होते. गंज जिथे संपतो आणि लोखंड जिथे सुरू होते ती सीमा बोटांना कळावी लागते.

या धंद्याचा आधार एकोणिसाव्या शतकात झपाट्याने ढासळला. १८१८ मध्ये पेशवाई संपली, साताऱ्याचे राज्य कंपनीच्या देखरेखीखाली आले आणि १८४८ मध्ये शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांच्या मृत्यूनंतर डलहौसीने ते खालसा केले. १८५७ च्या उठावात रंगो बापूजी गुप्ते यांच्याशी संबंधित कटाच्या आरोपावरून ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना देहान्त शासन देण्यात आले. त्याच सुमारास दक्षिण मराठा मुलखात शस्त्रे जमा करण्याची मोहीम सुरू झाली, आणि मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेरडांनी तर शस्त्रे देण्यास नकार देऊनच बंड केले. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे सर्वसामान्य हिंदी माणसाला अशक्य करून टाकले. शस्त्रे गेली, तशी ती घासणाऱ्यांची गरजही संपली. शिकलगारांपैकी अनेक जण सुऱ्या, कात्र्या, अडकित्ते, विळे यांना धार लावण्याकडे वळले. राजकीय इतिहासात निःशस्त्रीकरण हा मानाचा आणि स्वातंत्र्याचा प्रश्न म्हणून मांडला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या एका कायद्याने एका कसबी समाजाची चूल विझत आली, हेही त्याच पानावर लिहिले गेले पाहिजे.

मिरजेत मात्र या कथेला निराळे वळण मिळाले. पटवर्धनांच्या या गावात संगीताला राजाश्रय होता. पुढे येथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णू दिगंबर पलुस्कर शिकले आणि अब्दुल करीम खाँ यांनी अखेरपर्यंत मिरजेत बिऱ्हाड केले. गवई, बीनकार, सतारिये यांची ये-जा असलेल्या गावात वाद्यांची दुरुस्ती करणारा माणूस हवा होता, आणि शस्त्रांचे काम आटलेल्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते काम हाती घेतले. दुरुस्तीतून नवी वाद्ये घडवण्याचे कसब आले, नातलग व शिष्य त्यात उतरले, आणि सतारमेकर हेच नाव काही कुटुंबांना चिकटले. पंढरपूर परिसरात पिकणारे मोठे भोपळे आणून, ते महिनोन्‌महिने वाळवून, त्यांपासून सतार आणि तंबोरे घडवण्याचा मिरजेचा धंदा देशभर पोहोचला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग केसाएवढ्या फरकाने घासून तारेखाली तो नेमका टेकवण्याच्या क्रियेला ‘जवारी काढणे’ म्हणतात, आणि तंबोऱ्याचा गोड झंकार या घासण्यावरच अवलंबून असतो. किती घासायचे आणि कोठे थांबायचे हे ज्या बोटांना पात्यावर आणि नळीवर कळले होते, त्याच बोटांच्या वारसांनी ते घोडीवर साधले. महाराष्ट्राच्या कारागिरीच्या इतिहासात एवढे सुंदर स्थित्यंतर दुसरे सहजासहजी सापडणार नाही.

नळीची निगा शिकलगाराच्या हातून निसटली ती पलटणीतील शिपायाच्या हाती गेली. सातारा जिल्हा हा इंग्रजी अमदानीत मराठा पलटणींना माणसे पुरवणारा प्रमुख जिल्हा होता. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातील ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, आणि आज ते गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते. या जवानांच्या हाती .३०३ इंच व्यासाची ली-एनफिल्ड रायफल होती. रायफल म्हणजे जिच्या नळीत आतून पिळदार खाचा पाडलेल्या असतात अशी बंदूक. या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते, पण त्याच खाचांत घाण साचून राहते. या रायफलीच्या दस्त्याच्या मागच्या बाजूला पितळी झाकणाखाली एक पोकळी असे व तीत तेलाची छोटी कुपी आणि टोकाला वजन बांधलेली दोरी ठेवलेली असे. ही दोरी नळीच्या मागच्या बाजूने आत सोडून तोंडातून ओढून घ्यायची असल्यामुळे बराकीत तिला ‘पुलथ्रू’ हेच नाव रुळले, आणि तिच्या फासात अडकवायच्या चार इंच लांब व दोन इंच रुंद कापडी तुकड्याला ‘चिंदी’. तेल देण्यासाठीची चिंदी थोडी अरुंद, दीड इंच रुंदीची असते. आजही एन.सी.सी.च्या छात्राला .२२ रायफलीवर हीच मापे शिकवली जातात, आणि देशातील पहिले सैनिक स्कूल २३ जून १९६१ रोजी ज्या साताऱ्यात सुरू झाले, तेथील पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना ती तोंडपाठ आहेत.

पलटणीतील शिस्तीत कढत पाण्याने पुन्हा एकदा हजेरी लावली. बिनधुराची दारू आल्याने काळा थर कमी झाला. पण काडतुसाच्या बुडातील आग लावणाऱ्या टिकलीत पोटॅशियम क्लोरेट असे आणि ते जळून मिठासारखा क्षार नळीत उरे. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून गोळीबारानंतर नरसाळ्याने उकळते पाणी नळीतून सोडणे, मग कोरडी चिंदी आणि शेवटी तेल, असा क्रम त्या काळच्या लष्करात पक्का झाला होता. निवृत्त होऊन गावी परतलेल्या हवालदार-सुभेदारांनी हा क्रम, त्यातील तेलासह, गावात आणला. सफाईपूर्वी रायफल उघडून, नळी आकाशाकडे धरून चेंबर रिकामा असल्याची खात्री दोनदा करण्याची शिस्तही त्यांनीच आणली, हे त्यांचे मोठे देणे मानले पाहिजे.

या लष्करी शिस्तीच्या जोडीला एक घरगुती प्रथाही होती. आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, मराठा घराण्यांत आणि जुन्या इनामदारांच्या वाड्यांत घरातील शस्त्रे काढून, पुसून, तेल देऊन त्यांची पूजा केली जाते आणि दुसऱ्या दिवशी दसरा साजरा होतो. तिथीची निवड व्यवहाराच्या दृष्टीनेही विलक्षण अचूक आहे. पावसाळा नुकताच सरलेला असतो, चार महिन्यांच्या ओलीने धरलेला गंज अजून वरवरचा असतो, आणि पूर्वी याच सुमारास मोहिमेला निघायचे असे. वर्षातून एकदा तरी प्रत्येक शस्त्र हाताखालून जावे, ही व्यवस्था या प्रथेने शतकानुशतके राखली. मात्र वाड्यातील जुनी ठासणीची बंदूक खाली उतरवताना तिच्यात आजोबांच्या काळातला बार पडून असू शकतो, आणि काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकांनीही पेट घेऊ शकते. त्यामुळे अशा बंदुकीची पूजा करण्यापूर्वी ती जाणकाराकडून तपासून घेणे अत्यावश्यक असते.

हवेच्या बंदुकीचा प्रवेश या परंपरेत उशिरा झाला. दाबलेल्या हवेवर चालणारी शस्त्रे युरोपात जुनी आहेत; १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरांदोनी याने घडवलेली हवेची रायफल वापरातही आणली होती. तथापि सामान्य माणसाच्या हाती ती आली विसाव्या शतकाच्या आरंभी, बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. आणि जर्मनीतील डायना या कारखान्यांच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या रायफलींमुळे. भारतात वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेल्या इंडियन ह्यूम पाईप कंपनीने पुढे हवेच्या रायफली बनवल्या आणि ‘आय.एच.पी.’ ही अक्षरे नेमबाजीची आवड असणाऱ्यांच्या परिचयाची झाली. गावोगावच्या जत्रांत फुगे फोडण्याच्या खेळात जी बंदूक असते ती याच जातीची. सातारा-सांगलीकडच्या असंख्य माणसांनी आयुष्यात पहिली आणि बहुधा एकमेव बंदूक हाती धरली ती जत्रेतच. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंचापर्यंत, म्हणजे साडेचार मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवेच्या रायफलीला परवाना लागत नाही. दहा मीटर अंतरावरील एअर रायफल ही १९८४ पासून ऑलिंपिक स्पर्धा आहे, आणि शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्याने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवणारे स्वप्नील कुसाळे असे नेमबाज दिल्यापासून या भागातील शाळकरी मुलामुलींचा या खेळाकडे ओढा वाढला आहे.

जुनी सवय नेमकी येथेच घात करते. हवेच्या रायफलीत दारू नाही, म्हणून क्षार नाहीत. टिकली नाही, म्हणून कढत पाण्याचे कारण नाही. तिच्या नळीत साचते ते छर्ऱ्यांचे शिसे, छर्ऱ्यांवरचे वंगण आणि थोडी धूळ. तरीही घरातील वडीलधारे, पलटणीतील आठवणीने, तिच्या नळीत सढळ हाताने तेल सोडतात. स्प्रिंगच्या रायफलीत दट्ट्या पुढे झेपावतो तेव्हा हवा क्षणात दाबली जाऊन अतिशय तापते, आणि त्या हवेत तेलाचा अंश असेल तर तो पेट घेतो. साताऱ्याजवळ सातारा रोड येथील कूपर कारखान्यात पूर्वी तयार होणारे डिझेल इंजिन ज्या तत्त्वावर चाले, तेच हे तत्त्व. इंजिनात जो स्फोट हवा असतो तो रायफलीत नको असतो. त्याने दट्ट्याचे चामड्याचे किंवा प्लॅस्टिकचे वॉशर जळते, स्प्रिंग तुटते आणि छर्रा अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगाने सुटतो. ज्या तेलाने आजोबांची रायफल वाचवली, तेच तेल नातवाची रायफल बिघडवते.

लोखंडी गजाचेही तसेच आहे. हवेच्या रायफलीच्या नळीचे पोलाद तुलनेने मऊ असते आणि तिची अचूकता नळीच्या तोंडाच्या कडेवर सर्वाधिक अवलंबून असते, कारण छर्ऱ्याचा नळीशी अखेरचा स्पर्श तेथे होतो. पुढून गज घातला तर तीच कड घासली जाते. म्हणून मागून पुढे, म्हणजे छर्रा ज्या दिशेने जातो त्याच दिशेने, नायलॉनच्या दोरीने किंवा मासेमारीच्या जाड तंगुसाने लहान चिंधी ओढून घेणे हेच श्रेयस्कर. पितळी तारांचा ब्रश शक्यतो वापरू नये. पहिल्या काही चिंध्या काळ्या येतात, मग करड्या, आणि पांढरी आली की थांबावे. सफाईचे द्रावण वापरले असेल तर शेवटची चिंधी पूर्ण कोरडी असली पाहिजे आणि खिडक्या उघड्या ठेवलेल्या असल्या पाहिजेत. नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गोळ्या नेमबाज नळी पुसण्यासाठी उडवतात. परंतु त्या फार हलक्या असल्याने स्प्रिंगच्या रायफलीतून उडवल्यास दट्ट्या रिकाम्या नळीत आपटल्यासारखा आपटतो, म्हणून तेथे त्या दोरीने ओढाव्यात. ही सफाई काळ्या दारूच्या बंदुकीसारखी रोज करायची नसते. नेम बिघडू लागला, नळी पावसात भिजली किंवा बरेच दिवस पडून राहिली तरच ती करावी, आणि केल्यानंतर पहिले काही छर्रे थोडे इकडेतिकडे जातील हे गृहीत धरावे.

या सगळ्याच्या आधी येते ती रिकाम्या नळीची खात्री. नळी वाकवून भरायच्या रायफलीत ती वाकवताच मागून थेट आरपार पाहता येते, पण तेथे एक वेगळाच धोका असतो : नळी वाकलेली आणि स्प्रिंग चढलेली असताना चाप ओढला गेला, तर नळी फटक्यासरशी वर येते आणि बोटे चिरडते. म्हणून एक हात नळीवर घट्ट धरल्याशिवाय सफाईला हात घालू नये आणि शक्यतो स्प्रिंग न चढवताच काम करावे. आधी भरून ठेवलेल्या हवेच्या टाकीवर चालणाऱ्या रायफलीत छर्रा खोबणीत अडकलेला दिसत नाही. तेथे टाकी बंद वा वेगळी करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, दोरी आरपार जाते का हे पाहावे लागते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत नळीतून भडक रंगाची लवचीक दोरी आरपार घालून ती रिकामी असल्याचे सर्वांना दिसेल असे ठेवणे सक्तीचे आहे, आणि गज टाकून आवाज ऐकणाऱ्या जुन्या माणसाच्या कसोटीचेच हे आजचे रूप होय. सफाई झाल्यावर हात साबणाने धुणे आणि मध्येच काही न खाणे हेही आवश्यक, कारण शिसे विषारी असून लहान मुलांना त्याचा अपाय अधिक होतो. परवाना लागत नाही एवढ्यावरून या रायफलीला खेळणे समजण्याची चूक घराघरांत होते. तिचा छर्रा डोळा निकामी करू शकतो, म्हणून ती कुलपात आणि छर्रे दुसरीकडे ठेवले पाहिजेत.

सातारा-सांगलीतील संग्रहालयांत आणि जुन्या वाड्यांत तलवारी व बंदुका जतन केल्या जातात. त्यांच्या शेजारी गज, दारूचे शिंगडे, शिकलगाराचे चाक, पितळी तेलकुपी आणि पुलथ्रूची दोरी यांनाही जागा मिळावी, आणि शिकलगार व सतारमेकर कुटुंबांतील वृद्धांकडे उरलेली या कामाची माहिती व त्यातील शब्द स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी वेळीच टिपून ठेवावेत.